विहिरीचं पुस्तक

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझा मुलगा शाळेत जायला लागला होता, पण बेटं मला त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होती. कुठल्या बेटावर एकही झाड नाही आणि चुलीत वाळलेलं शेवाळ घालतात, कुठल्या बेटावर बोट वर्षातून दोनदाच लागते, कुठल्या बेटावर सोयरीक जमवायची तर आधी वारा पडायची वाट बघावी लागते, हे सगळं मला ठाऊक होतं. आणि हे मी शिकले ते पिंपळगाव बसवंतपासून तासभर चालत गेल्यावर लागणाऱ्या आमच्या वस्तीवर. तिथे आमच्या डोळ्यांसमोरचं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे कालव्याची चारी, आणि तीही आठवड्यातून तीन दिवस वाहायची.

याला कारण नाना. नानांनी उभी नोकरी दीपगृहात काढली. बदल्या होत होत ते एका बेटावरून दुसऱ्या बेटावर दिवा सांभाळत राहिले आणि निवृत्त झाल्यावर दोन लोखंडी पेट्या घेऊन मूळ गावी, पिंपळगावला परतले. पेट्यांत कपडे कमी, पुस्तकं जास्त, आणि जवळजवळ सगळी पुस्तकं बेटांची आणि बेटांवरच्या माणसांची. कुणा प्रवाशाने लिहिलेली, कुणा मास्तरने, कुणा डॉक्टरने; काही मूळ मराठी, काही भाषांतरं. "बेटावर राहणाऱ्याला दुसऱ्या बेटावर काय चाललंय याची फार उत्सुकता असते," ते म्हणायचे. ती सगळी पुस्तकं त्यांनी गावच्या वाचनालयाला दिली आणि पुस्तकांबरोबर स्वतःलाही दिलं. दुपारी तीन ते सहा ते टेबलाशी बसत. त्यांचा एकच नियम होता. पुस्तक परत करताना शेवट सांगायचा. शेवट बरोबर असेल तर ते वहीत ‘जमा’ असं लिहीत. चुकीचा असेल तर आधी चष्मा काढत, त्याच्या काड्या मिटत आणि मग म्हणत, "परत न्या. परत वाचा." चष्मा निघाला की रांगेतल्या बाकीच्यांना कळायचं, हा गेला.

मी अकरावीची परीक्षा देऊन घरी होते, तेव्हाची ही गोष्ट. वैशाखात आमच्याकडे कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर मांडवात, भरायची घाई असते. वस्तीवर याला सावड असायची. आज तुमच्या चाळीवर आमच्या बायका, उद्या आमच्या चाळीवर तुमच्या. मजुरीचा प्रश्न नाही, जितके हात आले तितके हात परत द्यायचे. शेतात वाळवलेला, पात कापलेला कांदा चाळीशी ओतायचा आणि बायकांनी भोवती बसून तो निवडायचा. बारकी गोल्टी वेगळी, जोडकांदा वेगळा, फुलाचा दांडा आलेला डेंगळा वेगळा, आणि डाग दिसला की तो लांब फेकायचा. चाळीत एक नासका गेला तर भोवतीचे चार नासतात, म्हणून या कामात कुणी कुणाची गय करत नसे. मी मात्र या कामात अगदीच मंद होते. कांदा हातात घेऊन मी त्याचे पापुद्रे उन्हात कसे चमकतात ते बघत बसायची.

"ए सुमे," एक दिवस हौसाकाकू म्हणाली. हौसाकाकू म्हणजे आमची बांधाला बांध लागून असलेली शेजारीण, जिभेने तिखट आणि हाताने सगळ्यांत चपळ. "तू एक कांदा न्याहाळती तवर माझी पाटी भरती. त्यापरीस त्या नानाचं पुस्तक आण आन मोठ्यानं वाच. तुझ्या वाटणीचा कांदा आम्ही निवडू."

माझी आई लाजली. "सावडीत बसून खायचं का मग पोरीनं?"

"बसून नाय, वाचून," हौसाकाकू म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. पण ते ठरूनच गेलं. त्या दिवसापासून माझं वाचन सावडीत धरलं गेलं. मी रिकाम्या गोणीवर बसायची, पुस्तक मांडीवर, आणि पाच-सहा बायका माझ्या वाटणीचा कांदा निवडायच्या. पुढे मी पदवीधर झाले, नोकरी केली, सत्कारही झाले. पण माझ्या वाचनाला कुणी श्रमात धरलं ते पहिल्यांदा तिथे, आणि त्या बायकांतल्या एकीलाही अक्षर ओळखता येत नव्हतं.

त्यांच्यासारखं ऐकणारे मला नंतर कॉलेजातही भेटले नाहीत. वर्णन आलं की हात चालू राहायचे, आणि माणूस आलं की प्रश्न सुरू व्हायचे. बेट सत्तर माणसांचं आहे म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न, "सत्तरच माणसं, म्हंजी सगळं भावकीच झालं. मग मुली कुढं देत्यात?" मला उत्तर माहीत नव्हतं. पुढच्या पानावर सापडलं, शेजारच्या बेटावर, होडीने एक दिवस लागतो. आई कांदा निवडत म्हणाली, "एक दिवस? मग माहेरी यायला होडी कोण पाठवीत असंल?" एकीने विचारलं, मीठ कुठून आणतात. हौसाकाकू खेकसली, "भोवती समुद्र हाय की, मिठाला काय तोटा!" आणि स्वतःच पाच मिनिटांनी गंभीर होऊन तिने विचारलं, "मला एक सांग सुमे, तिथं कावळा हाय का? कावळा नसंल तर दहाव्याला पिंडाला शिवतं कोण?" मी म्हटलं, काकू, ते लोक पिंड ठेवत नाहीत. "नसतील ठेवत. पण ठिवावंसं वाटलं तर?"

संध्याकाळी काम सुटलं की हातांना, केसांना, पुस्तकालाही कांद्याचा वास असायचा. घरी येऊन आई चूल पेटवायची. लांब हायवेवरून ट्रकचे हॉर्न ऐकू यायचे, जवळ विहिरीवरच्या मोटरचा घूं घूं आवाज, आणि त्यात भाकरी थापल्याचे आवाज. आमच्याकडे बाजरीची भाकरी. पण आईचं माहेर वणीच्या पश्चिमेला डोंगरात, तिकडे नागली, म्हणजे नाचणी. भागामावशीने, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीने, कुणाबरोबर नागलीचं पीठ पाठवलं की त्या दिवशी आमच्या तव्यावर काळसर भाकरी पडायची आणि आई पहिला तुकडा जरा वेळ नुसता हातात धरून बसायची. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, थट्टा करायचे, "आज मातीची भाकरी हाय वाटतं." आई म्हणायची, "हाय. माझ्या मातीची."

त्या मातीवर पाणी होतं. आईचं गाव धरणात गेलं ते मी जन्मले त्या वर्षी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तशी रीत. आईनं पिशवी भरून ठेवली होती. मामाचा निरोप आला, घरात कांजिण्या निघाल्यात, इकडे येऊ नको, सासरीच थांब. कांजिण्या कुणालाच निघाल्या नव्हत्या. गाव उठत होतं. धरणाचं काम चाललंय हे आईला माहीत होतं, पण पाणी एवढ्यात येत नाही असं सगळे म्हणत आले होते. मी तीन महिन्यांची झाल्यावर मामा आला, बाळाला झबलं घेऊन, आणि म्हणाला, "आपल्याला नव्या गावठाणात जागा मिळाली, सगळं चांगलं झालं." तेव्हा पाऊस होऊन गेला होता आणि गावात पाणी भरलं होतं. आई नंतर दर दिवाळीला नव्या गावठाणात जायची, पण पाण्याकडे तिला कुणी कधी नेलं नाही, आणि तिनेही ‘चला’ म्हटलं नाही. सणाला घर भरलेलं असतं, त्यात कुणी असलं बोलत नाही.

त्या मोसमातलं जे शेवटचं पुस्तक होतं त्याचं मुखपृष्ठ गेलेलं होतं, नावाचं पानही. आमच्यात त्याचं नाव ‘विहिरीचं पुस्तक’ पडलं. एका खडकाळ बेटावर एकोणीस घरं आणि सगळ्यांत मिळून गोड्या पाण्याची एक विहीर. मेंढ्या, सुकवलेले मासे, दगड रचून वाऱ्याला अडवलेल्या हातभर बागा. बायकांना हे बेट फार आवडलं, कारण तिथल्या बायका विहिरीवर भांडायच्या. मग पुस्तकाच्या मध्यावर विहीर मचूळ होऊ लागली. आधी ओहोटीला बरी, भरतीला खारट. मग रोजच खारट. हौसाकाकूने दुसरी विहीर खणायचे तीन उपाय सुचवले. बेटावरच्यांनी तिन्ही करून पाहिले आणि तिन्ही फसले.

शेवटचं प्रकरण मी सकाळी घरी आधी वाचून ठेवलं. शेवटी सगळे बेट सोडून जातात. एक सरकारी बोट येते, एकोणीस घरांची माणसं तिच्यात बसतात आणि जातात. मला आदल्या दिवशीची दुपार आठवली. वाचताना ‘बोट’ असा शब्द आला होता आणि आईचे हात थांबले होते. एक कांदा तिने तसाच धरून ठेवला होता, चांगल्यात टाकेना की डागीत टाकेना. मी सतरा वर्षांची होते, आणि मला वाटलं, आईला काय सोसेल हे मला कळतं.

दुपारी मी गोणीवर बसले, पुस्तक उघडलं, आणि छापलेल्या ओळींवर डोळे फिरवत वेगळंच वाचलं. मी पाऊस पाडला. सात दिवस सात रात्री पाडला. विहीर भरून वाहिली, खारट पाणी वाहून गेलं आणि एका म्हातारीने पोहरा वर काढून चव घेतली तर पाणी गोड. बोट रिकामीच परत गेली. मला ते इतकं सहज जमलं की माझं मलाच कौतुक वाटलं. बायकांनी मोठा श्वास सोडला. "फिरलं बाई पाणी गोड," हौसाकाकू म्हणाली. "नायतर मी त्या नानालाच जाब इचारणार होते." आईने कांदा चांगल्या ढिगात टाकला आणि पदराने तोंड पुसलं.

बाजारच्या दिवशी मी पुस्तक पिशवीत घालत होते, तर आई म्हणाली, "आज शेवट मी सांगते नानांना."

मी म्हटलं, "तू कशाला? मी सांगते की."

"का? आख्खं ऐकलंय मी. इतकी माणसं सांगत्यात टेबलाशी उभी राहून, मी एक दिवस सांगितलं तर काय बिघडलं?"

तासाभराच्या वाटेवर मी तिला चार वेळा अडवायला गेले. माझ्या पोटात दुखतंय म्हणाले. वाचनालय बंद असेल म्हणाले. ती हसत म्हणाली, "तुला काय भ्या वाटतं, मी चुकंल म्हणून?" तिने त्या दिवशी नवी नव्हे, पण चांगली हिरवी साडी नेसली होती. एवढ्या वेळात एक वाक्य बोलायला काय हरकत होती! आज साठी उलटल्यावरही त्या वाटेवरची बाभळीची झाडं मला एकेक आठवतात. प्रत्येक झाडाशी मी ठरवलं होतं, आता सांगते.

टेबलाशी आई पदर डोक्यावरून नीट घेऊन उभी राहिली. नानांनी नेहमीसारखं विचारलं, "हं, शेवट?" आणि आईनं सांगितला. पाऊस, पोहरा, म्हातारीने घेतलेली चव, रिकामी परत गेलेली बोट. सावकाश, एकही गोष्ट न विसरता. "राहिली माणसं तिथंच," ती म्हणाली. "लय बरं वाटलं, नाना."

नाना माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे. मग मला काड्या मिटल्याचा आवाज आला.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही ऐकलं ते बरोबरच सांगितलं. पण पुस्तकात तसं नाही. पुस्तकात सगळे जातात."

मागे रांगेत कुणी तरी हसलं. नानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. "मी दिव्यावर होतो," ते हळूच म्हणाले, जणू माफी मागत. "खडक असेल तिथे खडक आहे असंच दाखवावं लागतं." त्यांनी पुस्तक आईच्या हातात परत दिलं. नियम होता. परत न्या, परत वाचा.

वाटेत आई पुस्तक धरून माझ्यापुढे चालली. मला वाटलं ओरडेल, मारेल; त्याने बरं वाटलं असतं. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "सावडीत खोट केलीस तू. आम्ही तुझ्या वाटणीचा एक पण नासका आत जाऊ दिला नव्हता." आणि थोड्या वेळाने, चूल पेटवता पेटवता, माझ्याकडे पाठ करून तिने विचारलं, "मग भागाक्काची पत्रं पण अशीच वाचलीस का?"

आमच्या घरात वाचता येणारी मी एकटी. दादा सही करायचे, तेवढंच. मावशी गावठाणातल्या मास्तरांकडून पत्रं लिहून घ्यायची आणि ती आईला मी वाचून दाखवायची. ती सगळी आंतरदेशीय पत्रं आई पितळी डब्यात ठेवायची. पुढच्या बाजारी तिने तो डबाच उचलला. कांदा निवडायची सावड आमच्या चाळीवर होती, ती तिने एका दिवसाने पुढे ढकलली. मला बरोबर घेतलं, पण वाचनालयाच्या दाराशी म्हणाली, "तू हितं थांब." मी बाहेरच्या पायरीवर बसले. आत नाना एकेक पत्र उघडून वाचत होते. ‘चिरंजीव सौभाग्यवती धाकटीस थोरलीचे अनेक आशीर्वाद’ हे मी तेरा-चौदा वेळा ऐकलं. शेजारी द्राक्षांचे रिकामे क्रेट रचलेला टेम्पो उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर ते पुन्हा पुन्हा मोजत होता. माझं सगळं वाचन बरोबर निघत होतं, आणि तरी मीही पत्रं मोजत होते, कारण एक पत्र बाकी होतं.

त्या पत्रात मावशीने लिहिलं होतं, पाणी उतरलं की मी एकटीच काठावर जाऊन बसते. आपली देवडोंगरी आता बेट झाली आहे. भाऊ म्हणतो धाकटीला इकडे आणू नको, तिला त्रास होईल. पण मला एकटीला बघवत नाही. तू एकदा ये. हे पत्र मी आधी मनात वाचलं होतं आणि दादांना विचारलं होतं. दादा म्हणाले होते, "एवढं गाळून वाच. रडत बसंल." मी गाळलं होतं. दोन वर्षं होऊन गेली होती त्याला.

आई बाहेर आली तेव्हा डबा तिने छातीशी धरला होता. "एक सोडून सगळी बरोबर," ती म्हणाली.

घरी दादांना तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?" दादा खाटेवरून उठून बसले. "तुला वाईट वाटू नये म्हणून गं. तुझ्याच भल्याचं."

"माझं वाईट मला वाटू द्या की!" आई म्हणाली. तिचा आवाज मी इतका चढलेला त्याआधी ऐकला नव्हता. "भाऊ भल्याचं सांगतो, नवरा भल्याचं सांगतो, आता पोरगी पण भल्याचं वाचती. सतरा वर्षं झाली, मला कुणी सांगितलं नाय माझं माहेर कसं उठलं. कुणी रडलं का नाय. दारं लावली का उघडी टाकली. मला काहीच ठावं नाय." दादांनी खुंटीवरच्या सदऱ्यातून पैसे काढून तिच्यापुढे ठेवले. मग म्हणाले, "उद्या सकाळच्या एसटीनं जा. चाळीचं मी बघतो." आणि मला म्हणाले, "ते पुस्तक पण घे."

वणीला उतरून आम्ही जीपने गावठाणात गेलो. मावशी दारातच शेण्या रचत होती. आईला बघून तिने विचारलंही नाही की अशी अवचित का आलीस, हात धुतले, फडक्यात तीन नागलीच्या भाकरी बांधल्या, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि म्हणाली, "ऊन व्हायच्या आत चला." मैलभर चढ चढून गेलो आणि पाणी दिसलं. वैशाखातलं, खूप खाली गेलेलं पाणी. काठाने चिखल वाळून त्याला हातहात भेगा पडलेल्या. आणि मधोमध एक टेकडी, मावशीच्या पत्रातली देवडोंगरी, वर एक उंबर, त्याखाली शेंदराचा ठिपका. चहूबाजूंनी पाणी. नानांच्या सगळ्या पुस्तकांत मिळून मी जितकी बेटं वाचली होती त्यांतलं एकही मला इतकं ओळखीचं वाटलं नाही, आणि इतकं लांबही.

आई उभीच होती. "गाव कुढंशी?" तिने विचारलं. मावशीने टेकडीच्या पायथ्याशी, नुसत्या पाण्याकडे बोट दाखवलं. "उंबराच्या सावलीची रेघ धर. तिथं आपलं मागलं दार."

खूप वेळाने आई खाली बसली आणि मला म्हणाली, "आता वाच. आहे तसं."

मी वाचलं. बोट लागते. माणसं सामान चढवतात. विहिरीवर फळ्या ठोकतात. बोट सुटणार इतक्यात एक म्हातारी उतरते आणि काही न बोलता खडकावरून परत वर जाते. सगळे हाका मारतात. ती आपल्या घराशी जाते, उघडं दार ओढून घेते, कडी लावते, कडी नीट बसली की नाही ते एकदा हलवून बघते, आणि येऊन बोटीत बसते. तिला कुणी तरी विचारतं, आता आत कोण शिरणार आहे? ती म्हणते, सवय आहे. तिथे पुस्तक संपतं. माझ्या पावसात मी या म्हातारीला पोहऱ्याशी उभं केलं होतं आणि तिची कडी मी तिच्याकडून काढून घेतली होती.

आईने विचारलं, "कडी हलवून बघितली?"

"हो."

मावशी मध्येच बोलली. पाण्याकडे बघत, आमच्याकडे न बघता. "मी सारवलं होतं."

आई वळली.

"सामान गाडीत चढलं. भाऊ म्हणला, बस. मी म्हणलं, थांब, घर असं टाकून नाय जायाचं. शेण कालवलं. माजघराच्या कोपऱ्यापसून सुरुवात केली आन मागं मागं सरकत दारापत्तूर आले. भाऊ लय चिडला. म्हणला, कुणासाठी सारवती? कोण येणार हाय?"

"मग?" आई म्हणाली. "मग तू काय म्हणलीस?"

"म्हणलं, पाणी येणार हाय ना."

आई रडली. दादांना वाटलं होतं तशी रडली, आणि मामाला, आणि मला वाटलं होतं तशीच. पण त्यानंतर जे होतं ते आम्हा तिघांना कधी सुचलं नव्हतं. ती विचारत गेली. उंबऱ्यावर हात फिरवला का? देवळी पुसली का? गाय चालली का, का ओढावी लागली? मावशी एकेक सांगत गेली. मग दोघींनी भाकरी सोडली. खाता खाता मावशीने आईला विचारलं, "लय वाईट वाटलं का गं?" आणि आई ठेचा बोटाने सारखा करत म्हणाली, "वाटलं. वाटू दे."

पुढच्या वर्षी बारावी होऊन मी नाशिकला कॉलेजात गेले तेव्हा आईने निरोपाचं म्हणून एकच सांगितलं, "पत्रात आहे तसं लिही. उपाशी झोपलीस तर उपाशी झोपले लिही. नाना वाचून दाखवतील." मी तसं लिहिलं. दोनदा उपाशीही झोपले, तेही लिहिलं. आज माझ्या नाशिकच्या घरात फरशी आहे, सारवायला काही नाही. प्रवासाला निघताना मी कडी लावते आणि एकदा हलवून बघते. मुलगा हसतो.

धरणावरून परतल्यावर, नानांकडे पुस्तक परत करायला आम्ही पुढच्याच बाजारी गेलो. त्याआधी चाळीवर मी खरा शेवट वाचला. हौसाकाकू मला म्हणाली, "दगड पडो तुझ्या पावसावर," आणि मग नाक ओढत दुसऱ्यांदा वाचायला लावला. बाजारच्या दिवशी आईने तीच हिरवी साडी नेसली. या वेळी रांगेत कुणी हसलं नाही.

"हं," नाना म्हणाले. "शेवट?"

"सगळे गेले," आई म्हणाली. "विहिरीला फळ्या ठोकल्या. बोट निघायला लागली तशी एक बाई उतरली. परत घरात गेली. शेण कालवलं. माजघरापसून सारवत सारवत, मागं मागं येत दारात आली. उंबऱ्यावर हात फिरवला. एक पाऊल उमटू दिलं नाय. मग कडी लावली, हलवून बघितली. मग पाणी आलं. पहिलं पाऊल पाण्याचं पडलं."

मी नानांकडे बघत होते. त्यांचा हात चष्म्याकडे गेला. बोटं काडीला लागली, क्षणभर तिथेच राहिली. मग त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, वही पुढे ओढली आणि लिहिलं, जमा.